आत्याची तुळस आणि सरकारी खत

गेल्या कार्तिकात टेंभी नाक्याजवळच्या देवळात कीर्तन झाले. बुवा तरुण, आवाज खणखणीत, अंगावरचे उपरणे नवे. उत्तररंगात त्यांनी आमच्याच घराची कथा लावली.

"लांब कशाला जायचं? आपल्याच ठाण्यात, आपल्याच आळीत एका माउलीनं तुळशीचा लक्ष वाहिला! आणि तुळशी वाढल्या तरी किती? पुरुषभर! आळीतली मांजरं उंदीर सोडून त्या तुळशींभोवती डोळे मिटून बसायला लागली. मुकी जनावरं! त्यांना कुणी सांगितलं होतं?"

सारे देऊळ वळून माझ्याकडे पाहू लागले. त्या माउलीचा भाचा म्हणजे मी. मी काय केले? हात जोडले, मान खाली घातली आणि पुण्यवंताच्या घरच्या माणसाला शोभेल असे किंचित हसलो. मागे बसलेल्या एका बाईने आपल्या नातवाला पुढे ढकलून माझ्या पायावर घातले. मी त्यालाही आशीर्वाद दिला.

घरी येताना मला स्वतःची इतकी शिसारी आली की जोडा घालायचे विसरलो. देवळात परत गेलो तर जोडा नाहीसा झालेला. योग्यच झाले.

तुळशी पुरुषभर नव्हत्या, माझ्या छातीला लागत. मांजरे डोळे मिटून बसत हे अगदी खरे. पण ती का बसत हे त्या काळी दोघांनाच ठाऊक होते, मला आणि माझ्या कुटुंबाला. तिला जाऊन दोन वर्षे झाली. आता मी गेलो की बुवांची कथाच खरी ठरेल. म्हणून लिहून ठेवतो.

मला बागेचा नाद कसा लागला ते आधी सांगितले पाहिजे, कारण पापाची सुरुवात तिथे आहे. मी कचेरीत नकला उतरवणारा कारकून. अक्षर चांगले, त्याखेरीज सांगण्यासारखे काही नाही. एकदा साहेबाने भाजीपाल्याच्या लागवडीवर एक लांबलचक टिपण लिहिले आणि चार ठिकाणी पाठवायला त्याच्या नकला करण्याचे काम माझ्याकडे आले. पहिली नक्कल केली तेव्हा मला त्यातले काही कळत नव्हते. शेवटची केली तेव्हा हे सगळे मीच शोधून काढले आहे अशी माझी खात्री झाली होती. त्याच आठवड्यात मी कुदळ आणली.

आमच्या परसात विहीर, न्हाणी आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळी आणि अळू. कुंपणावर तोंडलीचा वेल. हे सगळे कुटुंबाच्या कारभारात होते आणि उत्तम चालले होते. माझ्या वाट्याला केळी आणि विहीर यांच्यामधला एक वाफा आला. त्या वाफ्यावरच सोवळ्याची वस्त्रे वाळत घालायची काठी होती. सकाळी अंघोळी झाल्या की काठीवर वस्त्रे पडत, आणि त्यांच्याखाली मी गेलो की ती ओवळी होत. कचेरीतून परत येईपर्यंत परस मोकळे होई, पण तेव्हा मुले तिथे विटीदांडू खेळत असत. मुले जेवायला आत गेली की भांडी घासायला बाहेर येत. म्हणजे माझ्या बागेत मला सोडून बाकी सर्वांना दिवसभर प्रवेश होता. संध्याकाळी कंदील लागायच्या आधी थोडा वेळ मला मिळे, तेवढ्यात मी मोठ्या गांभीर्याने माती इकडची तिकडे करी.

पहिल्या हिवाळ्यात मी कोबी लावली. आमच्या घरात तोवर कोबी कोणी पाहिली नव्हती. पुष्कळ रोपे मेली, काही मुलांच्या पायाखाली गेली, एकीने मात्र गड्डा धरला. तो मी काढून, धुऊन, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला. आत्या जपमाळ घेऊन बाहेर आली आणि कमरेत वाकून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"हे काय रे?"

"कोबी. भाजी आहे. साहेबलोक खातात."

"पानावर पान घेऊन बसलंय ते. आत काय दडवलंय कुणास ठाऊक!" ती म्हणाली. "माझ्या चुलीवर नको हो हे."

कुटुंबाने तो गड्डा गोठ्यातल्या गाईला घातला. त्या काळी बायका नवऱ्याला 'तुम्ही'सुद्धा म्हणत नसत, सगळे बोलणे 'इकडे' आणि 'इकडून' असे हवेत चाले. संध्याकाळी ती म्हणाली, "गाईला फार आवडली हो इकडची बाग."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा काय असतो हे कळायच्या आतच तो गेला आणि ती माहेरी परतली, ती कायमची. माझी आई मी लहान असताना वारली. मला भरवले, निजवले, पाटीवर धडे गिरवून घेतले ते तिने. साऱ्या घराची तिने आयुष्यभर उस्तवार केली, पण घरात तिचे म्हणावे असे काही नव्हते. वस्त्रे भावाने घेतलेली, खोली भावजयीने दिलेली, मूल दुसरीचे. मागितले मात्र तिने कधी काही नाही. म्हणून त्या आषाढात ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली तेव्हा मी चकित झालो.

"मला तुळशीचा लक्ष वाहायचा आहे," ती म्हणाली. "लाख पानं, या चातुर्मासात. पुढल्याचा भरवसा नाही."

"वाहू की. बाजारातून तुळस—"

"बाजारातली नको. शेजारची नको. आपल्या घरच्या मातीतली, माझ्या हातच्या पाण्याची. पुढच्या वृंदावनातली एक तुळस पुरायची नाही. तुझा तो वाफा दे मला."

मी वाफा दिला. तेवढेच देऊन गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी छाती पुढे काढून म्हणालो, "आत्या, तू फक्त वाहायचं बघ. तुळशी वाढवायचं माझ्यावर सोड. मला त्यातलं कळतं."

तिने विश्वास ठेवला. कचेरीत कोणीही ठेवत नसे.

तुळस ही वाऱ्यावर बी पडून भिंतीच्या फटीत उगवणारी वनस्पती. ती न वाढवणे हे अवघड काम आहे, आणि ते मी करून दाखवले. टिपणात खोल खणायला सांगितले होते. मी इतके खोल खणले की खालचा मुरूम वर आला आणि चांगली माती खाली गेली. टिपणात खत सांगितले होते. मी गोठ्यातले ताजे शेण घातले. ते नीट कुजलेले असावे हे शेवटच्या पानावर होते आणि ते पान उतरवताना माझे मन जेवणाच्या सुट्टीकडे लागले होते. अंगणात आपोआप उगवलेली रोपे आणून लावली, तोच आषाढाच्या पावसाने वाफ्यात पाणी तुंबले. तुळशी पिवळ्या पडल्या. मी न्हाणीच्या चुलीतली राख घातली, त्या आणखी पिवळ्या पडल्या.

आत्या रोज पहाटे अंघोळ करून, ओलेत्याने, हातात तांब्या घेऊन वाफ्यावर येई आणि पाने खुडू लागे. सुरुवातीला ओचा भरे. मग ओंजळ भरू लागली. मग ती एका हातात मावू लागली. ती मला काही बोलत नसे. फक्त खुडताना रोपाला म्हणे, "असू दे बाई, असू दे. दुखलं का?"

मोजायची तिची एक रीत होती. शंभर पाने वाहिली की देवघरातल्या वाटीत एक हरभरा टाकायचा. एवढेच. श्रावणात एके दिवशी माझ्या बहिणीच्या सासरची माणसे कल्याणहून न कळवता आली. कुटुंबाची धांदल उडाली. देवघराच्या कोनाड्यात हरभऱ्यांची वाटी दिसली, तिने ते हरभरे डब्यातल्यांत मिसळून भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी फक्कड उसळ केली. पाहुण्यांनी दोन-दोनदा मागून घेतली. माझ्या बहिणीचे सासरे ढेकर देत म्हणाले, "ठाण्याच्या पाण्यात काही चव आहे बुवा!"

आत्याला कळले तेव्हा कुटुंब रडायला लागले. मी म्हणालो, "आत्या, साधारण किती होते ते आठवून तेवढे पुन्हा टाकू. वाहिलेली पानं काही परत आली नाहीत."

"साधारण?" ती म्हणाली. "देवाला साधारण सांगू?" मग कुटुंबाच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाली, "रडू नकोस ग. पाहुणे तृप्त होऊन गेले ना? जे सांगता येत नाही ते धरायचं नाही. पुन्हा वाहीन."

आणि रिकामी वाटी धुऊन, पुसून, तिने कोनाड्यात ठेवली.

मी पाहत होतो. आता तुळशी चांगल्या वाढल्या नाहीत तर तिचा लक्ष कार्तिकापर्यंत पुरा होणार नव्हता, हे बोटावर हिशेब न करताही कळत होते. आणि वाफ्यात पाने नव्हती ती माझ्यामुळे.

याच सुमारास पिकांच्या पाहणीसाठी आमच्या कचेरीतली काही माणसे डोंबिवलीकडे निघाली आणि लिहून घ्यायला मला बरोबर नेले. डोंबिवली तेव्हा चारदोन घरांचे गाव, भोवती भातखाचरे आणि चिखल. तिथून आम्ही कोपरला खाडीच्या काठी आलो. तिथे एका झोपडीमागे मिरच्या आणि वांगी लावली होती. पाने इतकी काळीभोर की तेल लावल्यासारखी. मी थांबलोच.

"यांना घालता तरी काय?" मी त्या घरच्या बाईला विचारले.

ती तोंडाला पदर लावून हसली. "आमी त्यांना जेवान घालतो, बावा. पन तुमच्या घरा नाय चालाचा त्या."

ती काय म्हणते ते वास आल्याबरोबर कळले. विकायच्या लायकीची नसलेली बारीक मासळी वाळवून तिचा केलेला चुरा. त्याला ते लोक कूट म्हणत. आमच्या घरात मासळी शिजणे दूरच, दारावरून कोळीण ओरडत गेली तर आत्या देवघराचे दार लोटून घेई.

मी एक पोते घेतले. का घेतले याचा मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. भक्ती म्हणावी तर तशी नव्हती. आत्याची कळकळ होती, पण तीही पुरी नव्हती. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात जास्त हे होते की "मला त्यातलं कळतं" असे मी म्हणालो होतो आणि ते खरे ठरायला हवे होते.

परतीच्या होडीत माझ्या शेजारी कचेरीतलेच एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी उपरण्याचे टोक नाकाला लावले.

"पोत्यात काय आहे?"

"पेंड. करंजाची."

"हो का?" ते म्हणाले. "बरेच दिवस झाले वाटतं करंजाला जाऊन."

घरी मी पोते गोठ्यामागे ठेवले आणि 'सरकारी खत' असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या, कुटुंब आणि मुले पुराण ऐकायला गेली. मी कचेरीत पोटदुखीची सबब सांगून घरी आलो आणि वाफ्यात प्रत्येक रोपाच्या बुडाशी कूट पुरले. कोपऱ्यात सर्वांत मरतुकडे झाड होते, त्याच्याशी उरलेसुरले सगळे रिकामे केले. मग विहिरीवर अंघोळ केली, तरी हाताचा वास जाईना. चिकणमाती लावली, चिंच लावली, शेवटी शेण लावले आणि पुन्हा अंघोळ केली. तेवढ्यात मंडळी परत आली.

"इकडून या वेळी अंघोळ?" कुटुंबाने विचारले.

"पोटात दुखत होतं."

"पोटदुखीला अंघोळ?"

"सरकारी डॉक्टरानं सांगितलंय," मी म्हणालो. त्या दिवसांत सरकारवर माझा फार भार होता.

वासाचे काय, हा प्रश्न खाडीने सोडवला. ठाण्यात ओहोटी लागली आणि वारा फिरला की चिखलाचा वास घरात येतोच, त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. मी रोज सकाळी ओटीवर उभा राहून नाक वर करी आणि मोठ्याने म्हणे, "आज वारा खाडीकडचा आहे." एकदा भर भरतीला म्हणालो. समोरच्या ओटीवरचे म्हातारबुवा मला चार दिवस निरखून पाहत होते.

तुळशींना मात्र काही सांगावे लागले नाही. पंधरवड्यात त्या हिरव्या झाल्या, मग काळसर हिरव्या, मग त्यांना फांद्या फुटल्या, फांद्यांना फांद्या. पान केवढे? माझ्या अंगठ्याएवढे, जाड, तजेलदार. आत्या पहाटे आली, तांब्या खाली ठेवला आणि कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. त्या दिवशी तिचा ओचा भरून वर टोपलीही भरली.

आणि मांजरे आली. आधी आमचे, मग शेजारचे, मग आळीतली सगळी. बहुतेक त्यांना पहिल्या दिवशीच उकरायचे होते, पण मी रोपांच्या बुडाशी विटांचे तुकडे दाबून ठेवले होते. म्हणून ती वाफ्याच्या कडेने ओळीत बसत, पाय पोटाशी घेत, डोळे मिटत आणि नाकाने हळूहळू श्वास घेत. शेजारच्या काकूंनी ते प्रथम पाहिले आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी चार बायका पाहायला आल्या. तिसऱ्या दिवशी एकीने वाफ्याची चिमूटभर माती कपाळाला लावली. मी ओटीवर बसून पंचांग चाळीत होतो. मला काही सुचेना म्हणून मी ग्रहण कधी आहे ते पाहिले.

आत्या मात्र मांजरांना हाकलत असे. "पुण्य कसलं? उंदीर असेल खाली," ती म्हणायची. तिला चमत्कार आवडत नसत. लोक पाया पडायला आले की ती विहिरीवर पाणी काढायला निघून जाई. पाऊस उघडला होता, भाद्रपदाचे ऊन तापत होते. या वयात ती स्वतः रहाट ओढी, घागर कमरेवर घेई आणि प्रत्येक झाडाला घाली. कोणाला हात लावू देत नसे. वाटीतले हरभरे भरत होते, दुसरी वाटी लागली होती. संध्याकाळी ती पाय चेपायला देत असे, हेही पूर्वी कधी झाले नव्हते.

कुटुंबाला सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी कळले. केळीचे पान कापायला ती परसात गेली आणि एका बोक्याने वीट हलवून काढलेली वस्तू तिच्या पायाशी आणून ठेवली. मी आत होतो. ती दारात येऊन उभी राहिली, पळीच्या टोकावर ती वस्तू धरलेली. वाळलेल्या बोंबलाचे तोंड होते, डोळ्यासकट.

"हे सरकारी खत?"

मी आधी आत्या जवळपास नाही ना ते पाहिले.

"हे तुम्ही केलंत?" ती म्हणाली. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मला 'तुम्ही' म्हणाली. "त्यांच्या तुळशीत?"

"अगं, तुळशी मरत होत्या. म्हटलं, लक्ष पुरा होईल."

"निम्म्यावर गेलाय लक्ष." ती खाली बसली. "आणि ते हरभरे उसळीत गेले तेव्हा काय म्हणाल्या, आठवतंय ना? हे कळलं तर सगळा लक्ष सोडून देतील. पहिल्या पानापासून परत सुरू करतील. पाणी ओढता ओढता विहिरीवर मरतील हो त्या."

"मग सांगू नको म्हणतेस?"

"मी कुठं काय म्हणतेय?" ती उठली. "सांगायचं तर आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा. नाहीतर जन्मात सांगू नका. उद्या-परवा सांगीन, हे मात्र करू नका."

मी उद्या-परवा सांगीन असे ठरवले.

ती वस्तू तिने परसाच्या पलीकडे नेऊन पुरली, पळी चुलीत तापवून लाल केली, मग तीही टाकून दिली, आणि आत्याने पळी विचारली तेव्हा "विहिरीत पडली" असे सांगितले. आयुष्यात खोटे न बोललेल्या बाईला मी पळीपासून सुरुवात करून दिली.

नवरात्र गेले, दिवाळी गेली. रोज मी आत्याच्या खोलीपर्यंत जाई आणि काहीतरी दुसरेच विचारून परत येई. पाठ कशी आहे, धाबळी हवी का. आत्याला वाटले मी फार मायाळू झालो आहे. एकादशीच्या आधी तिचा लक्ष पुरा झाला. उद्यापन झाले, ब्राह्मण जेवले, आळी जेवली. सगळे पांगल्यावर तिने मला देवघरात हाक मारली. ती भिंतीला टेकून बसली होती, दमलेली, आणि तिच्या तोंडावर मी लहानपणापासून कधी न पाहिलेले काहीतरी होते. इतके दिवस मी त्याला समाधान म्हणत आलो. खरे तर तो अभिमान होता. एवढी मोठी गोष्ट तिने स्वतःची अशी केली होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुळशी एकदम उठल्या त्या. काय घातलं होतंस रे त्यात?"

तिने सरळ विचारले होते. घरात कोणी नव्हते. यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती.

"सरकारी खत," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "मग सरकारचं भलं होवो," ती म्हणाली आणि हात जोडले.

एका लक्षाच्या उद्यापनाचा आशीर्वाद अशा रीतीने विलायतेच्या राणीकडे गेला. पुढे तिचे राज्य वाढत गेले त्यात माझाही थोडा हात आहे.

कीर्तनानंतर चार दिवसांनी मी बुवांच्या बिऱ्हाडी गेलो. त्यांना बाजूला घेऊन सगळे सांगितले. कोपर, पोते, मांजरे, बोंबलाचे तोंड. वाटले होते, ते कानावर हात ठेवतील. ते टक लावून ऐकत राहिले आणि त्यांचे डोळे हळूहळू पाणावले.

"मासा!" ते म्हणाले. "काका, भगवंताचा पहिला अवतार कोणता?"

"बुवा, ते कूट होतं. पोत्यात होतं. वास येत होता."

"मत्स्यावतार! स्वतः नारायण मत्स्यरूपानं भक्ताच्या वाफ्यात आले! आणि तुम्ही निमित्त झालात, काका. केवढं भाग्य!"

"अहो, मी खोटं बोललो तिच्याशी."

"त्यानंच वदवलं तुमच्याकडून," बुवा म्हणाले आणि माझ्या पाया पडले.

आता कल्याणला कीर्तन आहे, तिथे कथा मत्स्यावतारासह होणार असे ऐकतो. म्हणून हे कागदावर उतरवले. पोत्यात नारायण नव्हता. पोते मी आणले होते, आणि माझ्याकडून वदवलेही कोणी नाही. मी आपल्या अकलेने बोललो.

आणि एक गोष्ट मी बुवांनाही सांगितलेली नाही, कारण तिचे त्यांनी काय केले असते ते मला सहन झाले नसते.

उद्यापनानंतर आत्या बरीच वर्षे जगली. वाफा तिचाच राहिला. कूट मी पुन्हा कधी घातले नाही, तरी त्या जमिनीत काय उरले होते कोण जाणे, तिथल्या तुळशीचे पान शेवटपर्यंत मोठेच राहिले. ती अंथरुणाला खिळली तेव्हा एका सकाळी वैद्यांनी मला बाहेर बोलावून मान हलवली. मी गंगेची लोटी काढली. आत्या शुद्धीवर होती.

"माझ्या तुळशीचं पान आण," ती म्हणाली.

मी बाहेर आलो. कुटुंब दारातच उभे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. परसाकडे न जाता मी पुढच्या अंगणात गेलो आणि वृंदावनातल्या तुळशीचे पान खुडले. त्या तुळशीला मी कधी काही घातले नव्हते. निदान शेवटचे पान तरी तिला निर्मळ मिळावे असे मला वाटले. ते धुतले, गंगेत भिजवले आणि तिच्या तळहातावर ठेवले. नजर गेली होती. तिने ते अंगठ्याने चाचपले, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"हे नाही," ती म्हणाली.

"तुळशीचंच आहे, आत्या."

"असेल. माझं नाही हे." आवाज क्षीण होता, पण मला पाटीवरचे अक्षर पुसायला लावताना असे तसाच होता. "एक लाख खुडलीत मी, मला शिकवतोस? माझी तुळस आण."

कुटुंब तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळले. मी परसात गेलो. कुठल्या झाडाचे घ्यावे कळेना. मग कोपऱ्यातल्या झाडापाशी गेलो. उरलेसुरले पोते ज्याच्या बुडाशी रिकामे केले होते त्याच जागी त्याच्या बियांतून उठलेले झाड होते ते. त्याचे सर्वांत मोठे पान मी खुडले. दुसरे कुठले घ्यायचा मला आता अधिकार नव्हता.

तळहातावर ठेवल्याबरोबर तिला कळले. चाचपावेही लागले नाही.

"हं," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने ते पान तोंडात घातले.